गुरुजी, आधी तुम्ही

दारूबंदीच्या चळवळीत आम्ही बायका बुऱ्हाणपुरात कलालीपुढे उभ्या राहायचो. येणाऱ्यापुढे हात जोडायचे आणि म्हणायचं, "दादा, आत जाऊ नका." माझं लग्न व्हायचं होतं. वडील शाळेत मास्तर. आमच्या लोधीपुऱ्यात त्यांना पाहून लोक विडी लपवायचे. चळवळीत जायची परवानगी त्यांनीच दिली होती.

एके दुपारी ऐन वेळी ठरलेली जागा बदलून आम्हाला गावाबाहेरच्या कलालीवर नेलं. दार उघडंच होतं. आत माणसं गोल करून बसलेली. मोहाची दारू मातीच्या कुल्हडांत ओतून झाली होती, पण कोणी पीत नव्हतं. बैठकीतल्या मानाच्या माणसानं बोट बुडवून धरतीला थेंब द्यायचा, मग बाकीच्यांनी तोंडाला लावायचं, अशी तिथली रीत.

"गुरुजी, आधी तुम्ही," कोणीतरी म्हणालं.

मी मान वर केली. बोट कुल्हडात बुडवलेले माझे वडील माझ्याकडेच बघत होते.

त्यांनी कुल्हड खाली ठेवला, टोपी सारखी केली आणि माझ्या अंगावरून निघून गेले. माझे हात तसेच जोडलेले. बाजूच्या बायका दुसरीकडे बघू लागल्या. तेवढ्यात एक म्हातारा विणकर तो कुल्हड घेऊन बाहेर आला.

"बेटी, भरलेला कुल्हड तसाच सोडून जात नाहीत, धरतीला द्यायचा असतो," असं म्हणून त्यानं तो उंबऱ्याशी ओतला. माझ्या पायांवर शिंतोडे उडाले. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी आईला सांगितलं. ती भाकरी थापतच म्हणाली, "तुला आज कळलं. मी लग्नापासून त्यांच्या खिशात लवंगा घालते."

वडील जेवताना भिंतीकडे तोंड करून बसले. हात धुताना एवढंच म्हणाले, "तुझं जाणं थांबवू नकोस. मी त्या बाजूला येणार नाही."

ते आले नाहीत. पण महिना झाला नाही तोच ते दर मंगळवारी बैलगाडीनं इच्छापुरला जाऊ लागले. देवीला जातो म्हणायचे. परत यायचे तेव्हा कपाळाला कुंकू आणि तोंडात लवंग.

शेजारीण आईला म्हणायची, "मास्तरांची काय भक्ती हो! आमच्यासाठी अंगारा आणायला सांगा ना."

आई "सांगते" म्हणायची. मी निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडत बसायची.