गळका ट्रॅक्टर आणि बाबालालचा शब्द

बाबालाल, हे पत्र तू स्वतः वाचणार नाहीस. बायकोला, चाँदबीला, वाचायला लावशील आणि मध्येमध्ये "खोटं हाय" म्हणशील. म्हण. कुरुंदवाडात तुझं नाव निघालं की लोक अजून हसतात आणि जो तो गोष्ट वेगळी सांगतो. तेव्हा एकदा नीट लिहिलेली बरी.

तर बाबालाल मिस्त्री. स्टँडामागं पत्र्याचं गॅरेज. हात लावला की कुठलंही यंत्र चालू होतं, असा लौकिक. निदान त्याचं स्वतःचं मत तसं. २००४च्या बेंदरानंतर आकारामनं आपला छोटा ट्रॅक्टर त्याच्या दारात लावला. मागच्या लिफ्टच्या दांड्यापाशी हायड्रॉलिकचं तेल गळत होतं. तेल उतरलं की लिफ्ट नांगर उचलायलाच तयार होईना.

बाबालालनं तेल अडवणारं रबरी सील बदललं. ट्रॅक्टर गेला, पुन्हा गळत आला. परत बदललं, परत आला.

"मिस्त्री," आकाराम भर हॉटेलात म्हणाला, "आमची म्हस वेळ बघून धार सोडती. तुझं काम कवाबी गळतंय."

बाबालालनं चहाचा कप खाली ठेवला. "आता गळला, तर ह्या गावात पाना हातात धरणार न्हाय."

सगळ्या हॉटेलानं ऐकलं. घरी चाँदबीच्या कानावर तो पोचायच्या आधीच गेलं होतं.

"पाना सोडून काय धरणार?" ती म्हणाली. "लाटणं?"

आता चूक परवडणार नव्हती. त्यानं नवं सील घातलं, ट्रॅक्टर धुऊन कोरडा केला आणि लिफ्टभोवती चाँदबीची टाल्कम पावडर फासली. तेल जिथून फुटेल तिथं पावडर भिजणार.

"माझ्या तोंडाला कधी लावली न्हाईस एवढी," चाँदबी म्हणाली.

इंजिन चालू केलं. पावडर कोरडी. बाबालालची मान ताठ झाली. पण आकारामनं रानात दोन फेऱ्या मारल्या, ट्रॅक्टर तापला आणि पावडर दोन्ही बाजूंनी ओली. थंड असताना ठीक, तापल्यावर गळती. बाबालालनं तेल बघायला वरचं झाकण फिरवलं, तर फुस्स करून तेल थेट दाढीवर.

म्हणजे आत हवा कोंडत होती आणि तीच तेलाला सीलमधून बाहेर ढकलत होती. ती हवा सोडायला वर एक नळी असते. नळीवर पितळी शेंबी होती, बैलाच्या शिंगाच्या टोकाला घालतात ती. कुंकू लावलेली, लाखेनं घट्ट बसवलेली.

आकारामनं आदल्या वर्षी बैल विकले होते. बैल पूजायचा बेंदूर आला, शेंबी घरात, आणि ट्रॅक्टरवर शिंगासारखं उभं ते एवढंच, म्हणून तिथं बसवली.

बाबालालनं ती पहिल्या दिवशीच पाहिली होती. दुसऱ्याच्या पूजेला हात लावायचा नाही, ही त्याच्या घरची शिस्त. धुताना कुंकू भिजू नये म्हणून त्यानं तिच्यावर प्लास्टिकची पिशवीसुद्धा बांधली होती.

"आकाराम, हे ट्रॅक्टरचं नाक हाय. तू त्याला टोपी घातलीस."

"मग पहिल्याच दिवशी सांगायचं की."

"पूजेचं कसं सांगू?"

"पूजेचं मी बघतो. तू गळतीचं बघायचंस."

आकारामनं शेंबी काढली, बाबालालनं पुन्हा एकदा सील घातलं आणि उसाच्या सबंध हंगामात तेलाचा थेंब पडला नाही. पाना हातात राहिला. हॉटेलानं मात्र निकाल दिला: बाबालालला शिंग दिसलं नाही.

म्हणून त्याला गॅरेजवर पाटी हवी झाली, राजारामपुरीतल्या पेंटरकडून रंगवलेली. माझं घर शहरात, म्हणून ती मी आणायची. मजकूर सांगितला, "पूजेच्या वस्तू काढून गाडी आणावी." दुसऱ्या दिवशी म्हणाला, उद्धट वाटतंय, "कृपया" घाला. मग चाँदबीच्या सांगण्यावरून "आदरानं". मग "स्वतःच्या हातानं". मग शेवटी एक ओळ, की मागं जे झालं त्यात मिस्त्रीचा दोष नव्हता. मावत नाही म्हटलं, तर पाटी मोठी घ्या म्हणाला.

बाबालाल, पत्रा कापून, पांढरा रंग देऊन पेंटरनं भिंतीला टेकवून ठेवलाय. दर वेळी विचारतो, मजकूर कधी देता. तू अजून "दोष नव्हता"पाशीच अडलायस.