आईनं कंपनी बदलली

आमच्या घरात आईच्या फोनला रेंज यायची ती फक्त मागच्या खिडकीत. म्हणून फोन पिशवीत घालून तिथल्याच खिळ्याला टांगलेला असायचा. नांदगाव खंडेश्वर सोडून आत शिरलं की सगळीकडे हेच. आई गावी एकटी राहते. मी अमरावतीला क्लासमध्ये शिकवतो, दिवसभर बोलून घसा बसतो आणि संध्याकाळी आईशी बोलायचा कंटाळा करतो. गावी गेलो की मात्र तिनं काही विचारायच्या आत मीच करवादायचो, "तुझा फोन लागतच नाही!" एकदा खरंच लागला नव्हता. बाकीच्या वेळी मी लावलाच नव्हता.

आईनं ते मनावर घेतलं. ऑटोत बसून ती नांदगावला मोबाइलच्या दुकानात गेली, मशीनवर अंगठा दिला आणि सिमची कंपनी बदलून आली. दुकानदार सोपा नवा नंबर देत होता, पण तो माझ्याकडे नसेल म्हणून तिनं जुनाच ठेवला.

नवं सिम सुरू झाल्यावर मी रविवारी गेलो. जेवणं झाल्याबरोबर तिनं रेंज दाखवायला फोन माझ्यापुढं धरला. "पाय, चारी डंडे! लाव बरं आता." मी बाहेरच्या खोलीतून लावला. ती फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली, दार लोटलं आणि तिथून ओरडली, "हॅलो! जेवला का रे?"

"जेवलो," मी म्हणालो. तिला इतकं हसू आलं की मलाही आलं. आणि त्याच वेळी मनात आलं, आता आपली सुटका नाही. असं मनात यावं याची मला आजही लाज वाटते.

पुढचा आठवडा पुन्हा तसाच, आईला फोन न लावता गेला. फोन हातातच होता, मॅच बघत होतो. मी शिकवत असेन म्हणून आई सहसा स्वतःहून फोन करत नाही. या वेळी तिनं केला. आता बोलणी खायची, म्हणून मी गुपचूप उचलला.

"काहून रे, बरा आहेस ना?" आवाजात राग नव्हताच. "मी समजत होती माह्याच फोनात खोट आहे. तुह्याच फोनाले रेंज नसन तिकडं. तू बी कंपनी बदलून घे. अंगठाच त द्या लागते."

खरं सांगायला मी तोंड उघडलं.

"बदलतो," म्हणालो.