मेलेल्या म्हाताऱ्याने दार उघडलं

पडद्यावर म्हातारा मेला. धाकट्या मुलाच्या मांडीवर डोकं ठेवून त्याने डोळे मिटले आणि रीळ संपलं. मी दुसरं मशीन सुरू केलं. तर तोच म्हातारा हातात कंदील घेऊन ओसरीवर आला आणि त्याने दाराची कडी काढली.

केबिनमध्ये मी एकटाच होतो.

सदरमधल्या एका टॉकीजमध्ये मी ऑपरेटर होतो, म्हणजे सिनेमाचं मशीन चालवणारा. आम्ही महाल भागातले कोष्टी. घरात माग होता, पण माझं मन धाग्यात कधी रमलं नाही. स्वातंत्र्यानंतरची ती पहिलीच काही वर्षं होती. रविवारी सकाळी टॉकीज रिकामं असायचं. अजनीच्या रेल्वे कॉलनीतल्या तामिळ लोकांनी टॉकीजच्या मालकाच्या, म्हणजे शेठच्या मागे लकडा लावला होता, की आमच्या भाषेतला एखादा सिनेमा लावा. त्यांच्यातले सुब्रमण्यम मालगाडीचे ड्रायव्हर होते, पन्नाशीचे, धिप्पाड. वर्षानुवर्षं इंजिनात कोळसा टाकणाऱ्या इथल्या फायरमन लोकांत काढल्यामुळे बोलायचे मात्र थेट आमच्यासारखे. शेठ शेवटी कबूल झाले, पण एका अटीवर. हॉलमध्ये एकदा जरी गोंधळ झाला, तरी तामिळ सिनेमा कायमचा बंद. मॅनेजर बक्षींनी ही अट मला वर येऊन ऐकवली आणि तिला आपलीही एक जोडून दिली.

"गोंधळ तुझ्यापायी झाला ना गा शंकर, तर तू बी बंद."

आता चूक कशी झाली ते सांगतो. सिनेमा एका लांब पट्टीवर येत नाही. त्याची दहा-दहा मिनिटांची रिळं असतात आणि प्रत्येक रीळ आपापल्या पत्र्याच्या डब्यात असतं. डब्यावर नंबर असतो. मशीनं दोन असतात. एकावरचं रीळ संपायला आलं की पडद्याच्या कोपऱ्यात एक ठिपका चमकतो, तो पाहून दुसरं सुरू करायचं. लोकांना पत्ताही लागत नाही. चालवून झालेल्या रिळाचा शेवट बाहेरच्या बाजूला येतो, म्हणून ते पुन्हा उलट गुंडाळून सरळ करावं लागतं. हे काम मागच्या गावाने करून पाठवायचं असतं. त्यांनी केलं नव्हतं. त्यात रिळांची पेटी स्टेशनवरून आली तीच खेळाच्या तासभर आधी. मी घाईघाईने गुंडाळायला बसलो आणि बाराव्या व तेराव्या रिळाचे डबे एकाच वेळी उघडे ठेवले.

घाईचं कारण खरं आहे, पण पूर्ण खरं नाही. मला एक खोड होती. गुंडाळताना मी पट्टी बोटांत धरून खिडकीच्या उजेडात बघायचो. त्या दिवशी पट्टीवरच्या एका चौकोनी चित्रात एक बाई तुळशीपाशी दिवा लावताना दिसली. नखाएवढी बाई, त्याहून इवलीशी ज्योत. मी बघत राहिलो. किती वेळ ते आजही सांगता येणार नाही. भानावर आलो तेव्हा हातातलं रीळ समोरच्या डब्यात ठेवलं आणि झाकण लावलं. तो डबा दुसऱ्या रिळाचा होता.

हिंदी सिनेमा असता तर चालवताना कुठे तरी लक्षात आलं असतं. रिळाच्या सुरुवातीला नंबर लिहिलेली कोरी पट्टीही असते, पण ही प्रिंट इतकी गावं फिरली होती की बहुतेक पट्ट्या तुटून गेल्या होत्या. आणि तामिळ मला ओ की ठो कळत नव्हतं.

पण घरातलं भांडण समजायला भाषा लागत नाही. दोन भाऊ, त्यांची आई, करारी बाप. भरल्या पंगतीत बाप थोरल्याला काही तरी लागेलसं बोलतो आणि तो पानावरून उठून घर सोडतो. पुढे नदीकाठी गावगुंडांशी त्याची काठीची अशी मारामारी होते की मी कार्बन सरकवायलाच विसरलो. मशीनमध्ये कार्बनच्या दोन कांड्या जळतात, त्यांचा उजेड पडद्यावर पडतो. त्या जळत जातील तशा जवळ आणाव्या लागतात, नाही तर पडदा काळवंडतो. मशीनच्या घरघरीत मला संवाद तुटक तुटकच ऐकू यायचे. भिंतीतल्या वीतभर चौकोनातून केळीची बाग, नदी, पांढरे बैल सरकत जायचे, जणू माझ्याच डोळ्यांवर झोप होती आणि हे सगळं मला दिसत होतं. फार सुखाची सकाळ होती ती. म्हातारा दार उघडेपर्यंत.

थोरला मुलगा दारात उभा होता. म्हणजे हे रीळ आधीचं. मुलगा परत येतो, बाप दार उघडतो, आणि पुढच्या मारामारीत मुलावरचा घाव बाप झेलतो, असा मूळ क्रम. मी बापाला आधी मारलं होतं.

हात मशीन बंद करायच्या मुठीवर गेला. बंद केलं तर हॉलमध्ये दिवे लागणार, शिट्ट्या होणार. शेठ स्वतः खाली बसले होते. चालू ठेवलं तरी लोक ओरडणारच. मी चौकोनातून खाली पाहिलं. मधल्या एका रांगेत माणसं एकमेकांकडे झुकून कुजबुजत होती. ती कुजबुज पुढच्या रांगेत गेली, तिथून आणखी पुढे. झालं, आता सुरू होणार, असं मला वाटलं. माझी नोकरी आणि त्या लोकांचा सिनेमा, दोन्ही गेलं.

पण कुजबुज शेवटच्या रांगेपर्यंत पोचली आणि थांबली. सगळा हॉल गप्प झाला. पडद्यावर म्हाताऱ्याने मुलाला हाताला धरून पाटावर बसवलं, केळीच्या पानावर स्वतः भात वाढला. खाली बाया पदर तोंडाला लावून रडत होत्या. पुरुषही. माझा हात मुठीवर तसाच होता. माझेही डोळे भरून आले, हे लिहायला आता लाज वाटत नाही.

पुढचं रीळ चितेचं होतं. ते बरोबर जागी लागलं.

खेळ सुटल्यावर शेठ खूश होऊन घरी गेले. मी डबे भरत होतो, तेवढ्यात सुब्रमण्यम जिना चढून आले आणि दारातच उभे राहिले.

"शंकर, ते रीळ मांगंपुढं झालं ना?"

मी मान हलवली. माफी मागू लागलो, तर त्यांनी हाताने थांबवलं. हा सिनेमा त्यांनी सुटीत मद्रासला पाहिला होता.

"बाया विचारून राहिल्या होत्या, मेलेला माणूस उठला कसा. मी सांगितलं, थोरल्याले सपन पडलं हाय. बायायनं तेच पुढच्या रांगेत सांगितलं."

मग ते माझ्या स्टुलावर बसले आणि स्वतःचं सांगू लागले. बापाशी भांडून ते रेल्वेत आले होते. बाप गेल्याची तार मिळाली तेव्हा इटारसीला ड्युटीवर होते. तंजावरकडच्या गावी पोचायला दहावा दिवस उजाडला.

"मद्रासले पाहिला तवा मी मधातच उठून गेलो होतो," ते म्हणाले. "बाप मरते, ते पाह्यलं नाही गेलं. आज मेल्यावर त्यानंच दार उघडलं. मले बसता आलं."

मी विचारलं, पेटी पुढच्या गावाला अशीच पाठवू का?

"नाही गा. ज्यानं बनवला, त्याच्या मनासारखं लाव. बाप एका गावात परत आला, तेवढं पुरे."

मी दोन्ही रिळं आपापल्या डब्यांत घातली, नव्या कोऱ्या पट्ट्या जोडून त्यांच्यावर नंबर लिहिले आणि पेटी दुपारच्या गाडीत चढवली. पुढे कित्येक वर्षं आमच्याकडे महिन्यातून एका रविवारी तामिळ सिनेमा लागत होता.

माझ्या हाताखाली नंतर बरेच ऑपरेटर तयार झाले. रीळ चुकलं तर काय करायचं, असं प्रत्येकजण कधी ना कधी विचारायचा. मशीन ताबडतोब बंद करायचं, लोकांची माफी मागायची आणि बरोबर रीळ लावायचं, असं मी प्रत्येकाला सांगितलं. ते बरोबरच आहे. मी बंद केलं नव्हतं, एवढं मात्र कोणाला सांगितलं नाही.