कामावर जाणारी खाट

बडोद्याला आमच्या नागरवाड्यातल्या घरातून रोज सकाळी दोघं कामावर जात: विनायकमामा आणि मामीची खाट. पुढे मामा पगडी सावरत, मागे पट्टेवाला छगन डोक्यावर खाट घेऊन. मी तेव्हा मामांकडे राहून मुलींच्या शाळेत शिकत होते. मैत्रिणी विचारायच्या, "तुझे मामा कचेरीत झोपा काढतात का गं?" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मामा दरबारच्या बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. पागेतल्या आणि कचेऱ्यांतल्या गरीब नोकरांसाठी सयाजीगंजाच्या बाजूला स्वस्त भाड्याच्या खोल्यांच्या दोन ओळी बांधायचं काम त्यांच्याकडे होतं. नकाशावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. खोली जमिनीवर चुन्याने आखायची, त्यात खाट टाकायची आणि स्वतः आडवं व्हायचं, ही त्यांची पद्धत. "कागदावर सगळेच मावतात," ते म्हणायचे. "खाट टाकून बघा. पाय बाहेर आले की खोली नापास." मामा इतके ताडमाड, की त्यांचे पाय कुठेही बाहेरच यायचे. त्यामुळेच त्या गरिबांना हातभर जास्त लांब खोल्या मिळाल्या, असं मामीचं मत होतं.

"खाटेलाही पगार लावून घ्या," हे तिचं रोजचं टुमणं.

"तिला अर्ज करू दे, मी शिफारस करतो," मामा शांतपणे म्हणत.

बडोद्याच्या उन्हाळ्यात घरात कोण झोपतं? माणसं बाहेरच झोपणार, हे धरूनच मामांनी दोन ओळींमध्ये ऐसपैस अंगण सोडलं होतं आणि त्यातले जुने कडुनिंब राखले होते. बिऱ्हाडं राहायला आली, खाटा बाहेर पडल्या, आणि खात्यातल्या एका मोठ्या साहेबांच्या मनात आलं की स्टेशनाकडे जाणाऱ्या बग्ग्यांना उगाच वळसा पडतो. त्यांनी त्या अंगणातून सरळ रस्ता आखला. निंब तोडायचे ठरले. मामांनी लेखी विरोध केला, तोंडी केला, साहेब ऐकेनात. एरवी सतत थट्टा करणारे मामा त्या दिवशी पानावरून अर्धवट उठले. "तिथं बायका पोरांना कुशीत घेऊन झोपतात गं," मामीला म्हणाले. "रात्री अंधारात घोड्याला काय कळतंय?" मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते खाट घेऊन गेले ते घरी आलेच नाहीत. उजाडताच मामी आणि मी त्यांना शोधत तिथं पोचलो. अंगणभर खाटा, पोरं गाढ झोपेत, आणि आखलेल्या रस्त्याच्या बरोबर मधोमध मामा, पाय बाहेर. तेवढ्यात पाहणीला आलेल्या साहेबांची बग्गी समोर येऊन थांबली.

"रस्त्यात झोपलात?" साहेब कडाडले.

मामा उठून बसले, आधी पगडी चढवली. "अंगणात झोपलोय, साहेब. रस्ता अजून कागदावर आहे."

शेजारच्या खाटेवरून एका बाईने पोरं झोपलीत म्हणून गुजरातीत दटावलं, "धीमे बोलो ने साहेब, छोकरां ऊंघे छे." साहेबांचा आवाज खरोखरच खाली आला. ते बग्गीतून उतरले, अंग चोरत खाटांमधून पार टोकापर्यंत गेले, परत आले आणि बग्गी वळवून निघून गेले.

रस्ता बाहेरून गेला. निंब राहिले. मामांना मात्र ठरलेल्या बढतीऐवजी लांब काठेवाडातल्या अमरेलीची बदली मिळाली. "तिकडे माझे पाय मोजायचे राहिलेत," म्हणून त्यांनी तेही हसण्यावारी नेलं. मामी हसली नाही.

निघायच्या दिवशी टांग्यात सामान चढलं. मामा दोनदा आत जाऊन आले.

"अगं, खाट कुठं दिसत नाही?"

"कामावर गेलीय," मामी पदर खोचत म्हणाली. "सकाळीच छगनबरोबर पाठवली. निंबाखाली टाकायला सांगितलीय."

मामा पगडी हातात घेऊन तिच्याकडे बघू लागले.

"असे बघताय काय?" मामी म्हणाली. "बदली तुमची झालीय. तिची कुठं झालीय?"