बी. ए.चा झगा

आमच्या तासगावच्या घरात एक पदवी आहे, पण ती भिंतीवर नाही, ट्रंकेत आहे. पणजोबा इंग्रजांच्या राज्यात बी. ए. झाले. त्यांचं प्रमाणपत्र वाळवीनं कधीच फस्त केलं. उरला तो पदवीदानाला घातलेला काळा झगा. मग घरानं त्यालाच पदवी मानलं.

शेतकऱ्याचा हा मुलगा आधी सातारला शिकला, मग पुण्याला, आणि परीक्षेला मुंबईला गेला. पहिल्यांदा आपटला. दुसऱ्यांदाही आपटला. गावात लोक विचारायचे, "बीए झाल्यावर शिंगं फुटत्यात व्हय रं?" पण गडी शेंडी तुटो की पारंबी अशा जातीचा. शेवटी घोडं गंगेत न्हालं. पदवी घेऊन आला तो झगा अंगात घालूनच वेशीतून चालत. कुत्री मागं लागली. पणजीला वाटलं, कुणीतरी वकील जप्ती घेऊन आला. तिनं दार आतून लावून घेतलं. त्याच आठवड्यात आजोबांचं बारसं होतं. पणजोबांनी झगा अंगातून काढला, पाटावर अंथरला आणि बाळाला त्यावर निजवलं.

झाली रीत सुरू. घरात मुलगा जन्मला की बारशाला आधी झग्यावर, मग पाळण्यात. मुलींना थेट पाळणा.

रीतीचा गुण किती आला म्हणाल, तर आजोबा मॅट्रिकला अडले. वडिलांनी कॉलेजचं तोंड पाहिलं आणि परत आले. धाकटे चुलते पलटणीत गेले, सुभेदार होऊन परतले. भावानं द्राक्षं उत्तम पिकवली, पण पुस्तकाशी त्याचं कधी जमलं नाही. एम. ए. झाले ती मी, थेट पाळण्यातली. सांगलीच्या कॉलेजात जन्मभर शिकवलं आणि हे वाक्य प्रत्येक लग्नकार्यात सर्वांना ऐकवलं, "झग्याविना शिकलेली या घरात मी एकटीच." चुलते मिशीत हसायचे आणि विषय बेदाण्याच्या भावावर न्यायचे.

हसण्यावारी नेत असले तरी मला ते लागलेलं होतं. लहान असताना झगा अंगणात उन्हात घातलेला असायचा. मी त्यावर जाऊन बसले की आजी दंडाला धरून उठवायची. झगा झाडायचा, कडुनिंबाचा पाला घालून घडी करायची, हे काम आईचं. ती सातवी झालेली, वर्गात पहिली. तिचं पुढचं शिक्षण लग्नानं संपवलं. झग्याची एक कड उंदरानं कुरतडली होती. ती आईनं आत दुमडून इतकी सुबक शिवली होती, की सांगितल्याशिवाय कळायचं नाही.

यंदा पुतण्याला मुलगी झाली. मी बारशाला जातानाच ठरवलं होतं, ही पोर झग्यावर निजणार. भाषण पाठ करून गेले होते. घुगऱ्या शिजत होत्या, बायका जमल्या होत्या. मी ट्रंक उघडायला गेले तर चुलते त्यावरच बसलेले.

"आवं आबा, उठा," मी म्हटलं.

"न्हाई. जुनं कापड हाय, फाटंल. आन रीत ती रीत. आजवर एक पोरगी निजली न्हाई त्याच्यावर."

मी तोंड उघडलं. इतक्या वर्षांचं सगळं आता बाहेर पडणार होतं. तेवढ्यात पाळण्याजवळून आईचा आवाज आला.

"निजली हाय."

"कोन? कवा, वैनी?"

आईनं माझ्याकडं बोट केलं. "ही. जन्मल्यापास्नं निजली. तिच्या वाकळंत हाय झग्याचा तुकडा."

माझी वाकळ. आईनं मी पोटात असताना शिवलेली. तीच घेऊन मी सांगलीला होस्टेलवर राहिले, परीक्षेच्या थंडीत तीच पांघरून अभ्यास केला. तिच्या मधोमध एक काळा चौकोन होता. मैत्रिणी विचारायच्या, हे काय गं? मी सांगायचे, छत्रीचं कापड असेल.

चुलत्यांना काही उमगेना. "आवं पन त्ये तर उंदरानं खाल्लं हुतं!"

"त्यो उंदीर मीच," आई म्हणाली. "पोरगी झाली तर झगा मिळनार न्हाई, ह्ये ठावं हुतं मला. मंग आदीच कापून ठेवला."

बायका खळखळून हसल्या. चुलते हसले नाहीत. ते उठले, ट्रंक उघडली, पाला झटकला आणि लष्करी शिस्तीनं झगा पाटावर पसरला. दुमडलेल्या कडेवरून एकदा हात फिरवला. "आना पोरीला," म्हणाले.

पोर निजली. माझं पाठ केलेलं भाषण कुणाला ऐकवायची गरजच उरली नाही. मी आईशेजारी जाऊन बसले. तिनं न बघताच माझा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि म्हणाली, "आता तुजं त्ये वाक्य बंद कर बया. तू झग्याबिगर न्हाई शिकलीस."