विहिरीत डोकावणारे मास्तर

"बसू नोको बे, उभ्यानं वाच!" असं म्हणत मास्तर आलेली गोष्ट माझ्या हातात द्यायचे आणि स्वतः छपाईच्या यंत्रापासून दारापर्यंत येरझाऱ्या घालायचे. खामगावच्या ज्या छापखान्यात मी अक्षरांचे खिळे जुळवायचो, तिथेच त्यांचं भुताखेतांच्या गोष्टींचं मासिक छापलं जायचं. शाळेतली नोकरी सोडून त्यांनी ते काढलं होतं. आम्ही त्यांना मास्तरच म्हणायचो.

गोष्ट फिकी वाटली की ते लिहिणाऱ्याला कागद परत करत. "उलट्या पायाच्या हडळीचं भेव आता कोणाले वाटते? गावाले गेलेला शेजारी दाराशी येऊन हाक मारते, असं लिवा."

एकदा त्यांनी स्वतः गोष्ट लिहिली. भरदुपारी विहिरीत वाकलं की पाण्यात आपल्या शेजारी आणखी एक, अनोळखी बाईचं तोंड दिसतं. गोष्ट खरी वाटावी म्हणून बुलढाण्यापलीकडच्या धाड गावाजवळच्या एका खेड्याचं नाव त्यांनी तसंच ठेवलं. तुम्ही असता तर तुम्हीही दाद दिली असती. मी दिली होती.

पुढे त्या गावचा एक शेतकरी छापखान्यात आला. "बाया विहिरीवर जाईनात, मास्तर. नाल्याचं पाणी आणून राह्यल्या. लेकरं हगवणीनं पडले."

मास्तर जागच्या जागी थांबले. "अहो, खोटं हाय ते. मी मनानं लिवलं."

"खोटं हाय तं छापलं काऊन?"

खुंटीवरचा कोट काढून मास्तर त्याच्याबरोबर निघाले.

बरेच दिवस झाले, ते परतले नाहीत. अंक अडकला, म्हणून छापखान्याच्या मालकांनी मला त्या गावी पाठवलं. पाहतो तर भर उन्हात मास्तर विहिरीभोवती फिरत होते, पोहरा ओढून सगळ्यांदेखत पाणी पीत होते. बाया लांब उभ्या होत्या.

एक आजारी लेकरू कडेवर घेतलेली बाई म्हणाली, "तुम्ही बाप्या माणूस. पाण्यातल्या त्या बाईले तुमच्याशी काय घेणं?"

मास्तर तिच्यापुढे जाऊन उभे राहिले. "चाल माय, दोघंबी वाकून पाहू."

तिनं लेकरू सासूकडे दिलं. दोघं वाकली.

"काय दिसते?" मास्तरांनी विचारलं.

"तुमचं तोंड," ती म्हणाली. "दाढी लय वाढली, मास्तर." आणि ती हसली. मागच्याही हसल्या. तिनं दोर सोडला, तशा एकेक करून घागरी पुढे आल्या.

परतीच्या मोटारीत मास्तर सारखे बाहेर पाहत होते. मी नव्या अंकाचं काढलं, तेव्हा म्हणाले, "लेकरं बरे होतीन ना रे?"

मी हो म्हटलं. मला तरी काय ठाऊक होतं?

बुलढाण्याला मोटार पाण्यासाठी थांबली. "तू हो पुढं," म्हणत ते उतरले आणि आलो त्याच वाटेनं भराभर चालू लागले. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. मी हाका मारल्या. वळणापाशी त्यांनी कोट काढून खांद्यावर टाकला आणि चाल आणखी वाढवली.