कदम तोड

युनिटला वर जायचा हुकूम आला, तेव्हा आम्हा बँडवाल्यांना वाटलं होतं की आपण खालीच राहणार. पण लढाईच्या भागात बँडवाला स्ट्रेचर उचलतो, हे गावाकडं कुणाला ठाऊक नसतं. मी मुखेड तालुक्यातला, बँडमध्ये मोठा ड्रम वाजवायचो. सुट्टीवर गेलो की लोक विचारायचे, "सीमेवर पण लग्नं लागतात का रं?" मी हसून सोडून द्यायचो. प्रत्येकाला काय काय समजावणार?

आमचे बँड हवालदार माणिक बिराजदार, औसा तालुक्यातले. फौजेत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात, आम्हीही त्यांना तेच म्हणायचो. तोंड तिखट आणि कान त्याहून तिखट. मागच्या रांगेत कुणाचा पाय जरासा उशिरा पडला, हे पुढं तोंड करून चालताना सांगायचे. मराठवाड्याचे आम्ही दोघंच, त्यामुळे मला शिव्या मराठीत मिळायच्या आणि बाकीच्यांना हिंदीत.

वाद्यं पेट्यांत घालून खालच्या बेसमध्ये ठेवली. उस्तादांना आणि आम्हा चौघांना नदीकाठच्या एड पोस्टवर, प्रथमोपचाराच्या ठाण्यावर, नेमलं. तिथं एक डॉक्टर, एक तंबू आणि एक रेडिओ. पलीकडच्या उतारावर आमची चौकी. मधे नदी आणि तिच्यावर लोखंडी दोरांचा झुलता पूल. सकाळी पाणी पोचवायचं, दुपारी रॅशन, संध्याकाळी स्ट्रेचरचे पट्टे तपासायचे. पूल मला पहिल्या दिवसापासून आवडला नव्हता. खेचरं त्याच्या तोंडाशी येऊन अडून बसायची. खेचरवाला स्थानिक होता. एकदा लगाम ओढता ओढता म्हणाला, "जानवर को सब पता होता है, साब." काय पता असतं, ते त्यानं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

त्या दिवशी दुपारपासून नदी गढूळ झाली होती. पाणी चढत होतं. तंबूमागं रोज कलकलाट करणारे पक्षी कुठं गेले कुणास ठाऊक. उस्ताद औषधांची पेटी घेऊन चौकीवर निघाले.

"व्यंकट, आज लई गप्प गप्प हाय सगळं. पट्टे घट्ट करून ठेव."

"हाव, उस्ताद."

ते पूल ओलांडून वर दिसेनासे झाले. मी पट्टे तपासले. झाल्यावर पुन्हा तपासले. चारच्या सुमारास चौकीच्या बाजूला पहिला गोळा पडला. मग दुसरा. रेडिओ खरखरला.

"वन कॅज्युअल्टी. स्ट्रेचर भेजो. ओव्हर."

"नाम बताओ. ओव्हर."

थोडा वेळ नुसती खरखर.

"बँड हवालदार. जल्दी करो. आउट."

आम्ही चौघं पळत वर गेलो. उस्तादांच्या डाव्या मांडीत गोळ्याचा तुकडा घुसला होता. चौकीवरच्या नर्सिंग असिस्टंटनं मांडी आवळून बांधली होती. "झटका मत देना," तो म्हणाला. "पट्टी सरकी तो नीचे तक नहीं पहुँचेंगे." उस्तादांचे डोळे मिटलेले होते. आम्हाला वाटलं, शुद्ध गेली.

उतार कसाबसा उतरलो. पूल अरुंद. स्ट्रेचरच्या पुढं एक जण, मागं मी, आणि बाकीचे दोघं माझ्या पाठीशी, हात बदलायला. थोडं आत गेलो आणि पूल उसळायला लागला. आधी वाटलं वारा आहे. पण वारा पडलेला होता. पूल खाली जायचा आणि वर येऊन तळपायावर आपटायचा. स्ट्रेचर उडत होतं. पट्टी माझ्या डोळ्यांदेखत लाल होत चालली होती. एक गोळा वरच्या अंगाला पाण्यात पडला, त्याचे शिंतोडे आमच्या तोंडावर आले. आम्ही घाईनं पाय उचलले, तसा पूल आणखीच उसळला. एक फळी निखळून खाली गेली. ती पाण्यात पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही.

तेवढ्यात स्ट्रेचरवरून आवाज आला. बारीक, पण तोच तिखट.

"व्यंकट, परेड करून राहिलाव का रं?"

"न्हाई, उस्ताद."

"मग चौघांचे पाय एकदम कशाला पडून राहिले? पुलाला झोका देऊन राहिलाव तुम्ही. कदम तोड."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. दुसऱ्या कुठल्या चौघांनी ही चूक केली नसती. इतकी वर्षं एका तालावर चाललेली आमची पावलं. भीती वाटली तशी ती जास्तच तालात पडायला लागली होती. मी ओरडलो, "कदम तोड!" म्हणणं सोपं, पण पाय ऐकेनात. ड्रम माझ्या डोक्यात वाजतच होता. शेवटी मी मुखेडचा आठवडी बाजार डोळ्यांपुढं आणला. तिथं कुणाचा पाय कुणाशी जुळत नाही. कुणी मधेच थांबतंय, कुणी बकरी ओढतंय, कुणी भाजीवर घासाघीस करतंय. मी त्या गर्दीतून चालल्यासारखा चाललो. हळूहळू पूल शांत झाला.

अलीकडच्या काठावर पोचलो तेव्हा माझी बोटं दांड्यावरून सुटेनात. डॉक्टरांनी ती एकेक करून उघडली. मग मी तंबूमागं जाऊन रडलो. लाज वाटली नाही.

उस्ताद वाचले. पाय राहिला, पण आखूड झाला. पेन्शनीत आल्यावर नांदेडला एका विद्यापीठानं त्यांना बँड शिकवायला घेतलं. जो माणूस स्वतः एक पाऊल सरळ टाकू शकत नाही, तो पोरांना मार्चिंग शिकवणार, म्हणून सुरुवातीला लोक हसले. पहिल्या सव्वीस जानेवारीनंतर हसणं बंद झालं. वर्षाआड आमची भेट व्हायची. चहा प्यायचो, गुडघ्यांच्या तक्रारी सांगायचो. त्या पुलाचं नाव दोघांपैकी कुणी कधी काढलं नाही.

यंदा उन्हाळ्यात एका मुलीचा फोन आला. "काका, मी राजश्री, धर्माबादची. सरांच्या बँडमध्ये मोठा ड्रम वाजवते. सर गेले."

मी लातूरवरून औशाला आणि तिथून त्यांच्या गावी पोचलो. आभाळ धुळीनं पिवळं झालं होतं. दारात बँडची पोरं पूर्ण वर्दीत रांगा धरून उभी, ड्रम गळ्यात. उस्ताद लिंगायत. त्यांच्यात माणसाला झोपवून नेत नाहीत, विमानात, म्हणजे सजवलेल्या मखरात, बसवून नेतात आणि बसवूनच पुरतात. कपाळावर विभूती, गळ्यात हार, मान मागच्या फळीला फडक्यानं बांधलेली. शेताची वाट नाल्यावरच्या लाकडी साकवावरून जात होती. ही पोरं आता ड्रमवर चालणार. खांदेकरी तालात पडणार. साकव हलणार आणि उस्तादांची मान गदगदा हलत राहणार, सगळ्या गावादेखत. ते मला बघवलं नसतं.

जंगमांनी मंत्र म्हटला. आठ पोरांनी विमान खांद्यावर घेतलं. मी पुढं झालो.

"राजश्री, पोरी, वाजवू नका."

तिनं ड्रमच्या काठ्या बगलेत धरल्या होत्या.

"न्हाई वाजवणार, काका. माणूस खांद्यावर असला की ड्रम गप्प. सरांनी पहिल्या सालीच शिकवलंय."

"कसं शिकवलं?"

"ते स्वतःच स्ट्रेचरवर झोपायचे. पोटावर पाण्यानं भरलेला तांब्या. सांडला की म्हणायचे, परेड करून राहिलाव का रं?"

मी मागच्या खांदेकऱ्याला बाजूला व्हायला सांगितलं आणि दांडा खांद्यावर घेतला. साकव आला. हुकूम द्यायला मी तोंड उघडलं, पण त्याआधीच पोरांचे पाय सुटे झाले होते. कुणाचं पाऊल कुणाशी जुळत नव्हतं. मागं सगळा बँड तसाच येत होता, विस्कटून, बाजारातून परतल्यासारखा.

शेतात पोचेपर्यंत उस्तादांची मान हलली नाही.